तू की उस्तेद?

प्रिय मैत्रिणीच्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे साठ मेसेज वाचले. इथल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेकडच्या, मंडळींची सिगारेट सुटावी, चालणं वाढावं म्हणून मोबाइलवर जायचेत ते. इंग्रजीत लिहून मशीनकडून स्पॅनिश करून घेतलेस, हे पहिल्या पाचांतच कळलं. रागावू नकोस, पण तसेच पाठवू नकोस.

अमेरिकेत सिगारेट सोडायला मदत करणारी स्पॅनिश फोनलाइन आहे, तिचा नंबर अक्षरांत ‘डेहेलो या’ असा लागतो. म्हणजे ‘सोडा आता’. लॅटिनो लोकांसाठीच बेतलेला मेसेजचा एक कार्यक्रम आहे, ‘डेसीडेतेक्स्तो’. त्याच्या नावात ‘डेसीडेते’ दडलंय, म्हणजे ‘ठरव एकदाचं’. एकीकडे अहो-जाहो, दुसरीकडे अरे-तुरे, आणि माझ्या मते दोन्ही आपापल्या जागी ठीक. फोनवर अनोळखी माणूस बोलतो, त्यानं ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणावं. खिशातला मेसेज दोस्तासारखा येतो, त्याला ‘तू’ चालतं. (त्यांचा ‘तू’ आपल्या ‘तू’सारखाच उच्चारतात, गंमत बघ.) तुझ्या तिसऱ्या मेसेजमध्ये तू, चौथ्यात उस्तेद, पाचव्यात परत तू. बँकेनं तुझ्या बाबांना ‘तुझं खातं’ असं लिहिलं तर ते काय म्हणतील, हे मी सांगायला हवं का?

शब्दांचंही तेच. ‘गुआगुआ’ म्हणजे क्यूबा, प्वेर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिककडच्यांना बस. इक्वेडोर-पेरूकडे तान्हं बाळ. मी या कामात नवीन असताना लिहिलं होतं, ‘गुआगुआतून एक थांबा आधी उतरा आणि चाला.’ न्यू जर्सीतल्या युनियन सिटीत बर्गनलाइन अव्हेन्यूवरच्या एका बेकरीत इक्वेडोरच्या एका बाईंना ते वाचायला दिलं. त्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, ‘बाळातून कशी उतरू?’ तेव्हापासून माझा कुठलाही मेसेज तीन देशांच्या तीन माणसांनी मोठ्यानं वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. तूही तेच कर. मशीनला हसू येत नाही.

‘दिवसाला एक पाकीट ओढत असाल तर...’ ही सुरुवात काढ. लॅटिनोंमध्ये दिवसाला चारपाच ओढणारे, किंवा रोज न ओढणारे खूप. ते म्हणणार, हे माझ्यासाठी नाहीच. डॉक्टरही अशांना ‘सोडा’ म्हणायचं विसरतात, तलफ कमी करायला अंगाला चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचं तर सोडच.

चालण्याच्या मेसेजनी मला जास्त काळजी वाटली. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, हा अमेरिकी शिफारशीतला आकडा बरोबर आहे. दहा हजार पावलं मात्र काढून टाक. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या एका बाईला आम्ही संध्याकाळी सातला ‘उठा, थोडं हला!’ असं पाठवलं होतं. उत्तर आलं, ‘आज सोळा पलंग केले. अजून हलू?’ मी तो फोन हातात धरून बराच वेळ बसले. राबणं वेगळं आणि स्वतःसाठी हलणं वेगळं, हे तिला आपण शिकवायचं नव्हतं, आधी विचारायचं होतं. विचारलं तेव्हा कळलं, रविवारी भाच्यांना घेऊन बचाताची गाणी लावते आणि नाचते. मग पुढचे मेसेज शनिवारी रात्री, नाचाचे.

सिगारेट आणि चालणं एकत्र आणलंस ते मला पटलं, पण हातचं राखून लिही. दहा मिनिटं भरभर चाललं की तलफ थोडा वेळ उतरते, हे प्रयोगांत दिसलंय. नुसत्या व्यायामानं सिगारेट कायमची सुटते, याला भक्कम पुरावा नाही. मेसेजचंही तसंच. ब्रिटनमध्ये ५,८०० लोकांवर मोठा प्रयोग झाला, २०११ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी सिगारेट खरंच सुटल्याची तपासून खात्री झालेले लोक १०.७ टक्के, ज्यांना असे मेसेज नव्हते त्यांच्यात ४.९. दुपटीहून जास्त, म्हणून ढोल वाजव. पण शंभरातले जवळजवळ नव्वद अजून ओढतायत, ते तुझ्या बॉसला पहिल्याच बैठकीत सांग. नंतर सांगितलंस तर ते निमित्त वाटतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तुझ्या आराखड्यात साठ मेसेज जाणारे आहेत, येणाऱ्यांसाठी एक ओळ नाही. मी पूर्वी एका कार्यक्रमात होते. तिथे एका माणसानं रात्री अकराला लिहिलं, ‘रेकाई’. पुन्हा ओढली. खाली एक ओळ: भाऊ गेला. ते कुणी वाचलं नाही. सकाळी आठला आमच्या मशीननं त्याला कळवलं, ‘अभिनंदन! सातवा दिवस!’ त्यानंतर त्या नंबरावरून काही आलं नाही. आम्ही फोन केला तर नंबर दुसऱ्याच कुणाकडे गेला होता. प्रीपेड असले की बदलतात. म्हणून नोंदणीच्या वेळीच घरातल्या आणखी एकाचा नंबर मागून ठेव.

भारत सरकारनं २०१६ मध्ये असाच उपक्रम काढला तेव्हा मिस्ड कॉलनं नोंदणी ठेवली होती. इथे अमेरिकेत मिस्ड कॉलला कुणी विचारत नाही, तेव्हा तो मोह टाळ.

रविवारी दुपारी फोन कर. साठ मेसेजचं मागाहून बघू. रात्री अकराला आलेलं उत्तर कोण वाचणार, त्या माणसाचं नाव आधी हवंय मला.

तुझी,
मावशी