साडेसातीत धंदा वाढवावा का?

प्रश्न : माझी साडेसाती चालू आहे, शेवटची अडीचकी. सगळे म्हणतात आता कर्ज काढून धंदा वाढवू नकोस, पैसा अडकेल. खरंच थांबू का?

उत्तर : आधी घाबरणं सोडा. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, चंद्रराशीच्या मागची, स्वतःची आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षं होतात, आणि शेवटच्या अडीचकीत तो चंद्रापासून दुसऱ्या म्हणजे धनस्थानात येतो म्हणून लोक पैशाची भीती घालतात. पण परंपरेत नुसतं गोचर, म्हणजे ग्रहांचं सध्याचं भ्रमण, बघून कोणी सांगत नाही हो, दशा म्हणजे पत्रिकेनुसार कुठल्या ग्रहाचा काळ चालू आहे ते बघतात, लाभस्थान म्हणजे पत्रिकेतलं कमाईचं घर बघतात, गुरू कुठे आहे तेही बघतात, तो 12 वर्षांत सगळ्या राशी फिरतो. आणि शनी हा शिस्तीचा, उशिरा पण पक्कं देणारा ग्रह मानतात.

माझं मत स्पष्ट आहे, कर्जाचा निर्णय पत्रिकेवर सोडू नका, ग्रहांमुळे नफातोटा होतो हे कुठे सिद्ध झालेलं नाही. उधारीची वही उघडा, सहा महिन्यांपूर्वीची किती नावं अजून तशीच आहेत ते मोजा. ती वसुली झाल्यावर हप्ता आरामात निघत असेल तर खुशाल वाढवा.