एफडीला हप्ता नसतो

परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. वय 44. घरात पत्नी, म्हातारी आई आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. थोरल्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं. पत्र थोडं आटोपतं करून देतो.

"साहेब, रस्त्यात सव्वा एकर गेलं, मावेजाचे (जमिनीच्या भरपाईचे) 11 लाख आले. साडेचार लग्नाला लागले, साडेतीन घराला. एक लाखाची गेल्या जूनमध्ये बँकेत एफडी केली. दीड लाखात कोंबड्यांचं शेड मारलं. राहिलेल्या 50 हजारांतून फोनवर ऑर्डर देऊन 38 रुपयांनी 500 गावरान क्रॉस पिल्लं मागवली. एप्रिलमध्ये ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आली. खोके उघडले तर 137 मेलेली. आठ दिवसांत अजून 170 गेली. आता 193 आहेत. हॅचरीवाला म्हणतो, माल गाडीत चढला की आमची जबाबदारी संपली. पण हजार पिल्लं घेतली तर दहा टक्के सूट देतो, आणि मोठे झालेले पक्षी परत विकत घ्यायची हमीही देतो. अमेरिकेत तर टपालाने पिल्लं घरपोच येतात असं यूट्यूबवर पाहिलं. मंडळींचं सोनं पतसंस्थेत ठेवून 80 हजार उचलू का? महिना दीड टक्का व्याज आहे. जूनमध्ये एफडीचा दुसरा हप्ता भरायचाय, तेवढा पिल्लांतून निघाला तर बरं होईल."

भाऊ, सोनं ठेवू नका आणि हजार पिल्लं मागवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. माझी झोप मात्र पत्राच्या शेवटच्या ओळीने उडवली.

एफडीला हप्ता नसतो. एकदा पैसे ठेवले की मुदत संपेपर्यंत बँक तुमच्याकडे काही मागत नाही. दर महिन्याला भरायचं ते आरडी, आणि वर्षाला लाख रुपये मागते ती विमा पॉलिसी. तुम्हाला फोन करून कागद बघायला लावला तेव्हा तेच निघालं: दहा वर्षं दरवर्षी 1 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी साधारण 20 लाख मिळायचे, विमा 10 लाखांचा. सही तुमचीच आहे. "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर एफडी अडकेल," असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं होतं, हेही तुम्ही सांगितलंत.

मावेजा ज्या ज्या गावांत आला तिथे हे मी पाहत आलोय. रक्कम खात्यात जमा झाली की बँकेतली माणसं अचानक चहा विचारायला लागतात. ज्याची जमीन गेली त्याला एफडी ओळखीची असते, विश्वासाची असते, म्हणून पॉलिसीला एफडी म्हणायचं. मला याचा मनापासून संताप येतो. तो लाख जमिनीचा होता आणि ती जमीन परत येणार नाही.

आता हिशेब. दहा वर्षांत 10 लाख जाणार, विसाव्या वर्षी 20 येणार. पहिला हप्ता वीस वर्षं आत राहतो, शेवटचा जेमतेम अकरा, म्हणजे सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षांत दुप्पट. 72 ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की वर्षाचं व्याज साधारण कळतं. 72 ला 15 ने भागा, पाच टक्क्यांच्याही आत आलं. "दहा वर्षांत दुप्पट" हे तुम्हाला तोंडी सांगितलेलं वाक्य कागदावर कुठेही नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की उरलेले 9 लाख तुमच्याकडे नाहीत. उरलेल्या शेतीवर आणि पावसावर चालणाऱ्या घराला दर जूनला, नेमकं बी-खताच्या वेळी, लाख रुपये रोख काढा म्हणणारी वस्तू विकणं हाच अपराध आहे.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. दोन-तीन वर्षं ओढूनताणून भरून मग सोडणारे मी खूप पाहिलेत, त्यांचं नुकसान एका लाखाचं तीन लाख होतं. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत गेल्या वर्षीच टळली, तो दरवाजा बंद. दोन दरवाजे अजून उघडे आहेत.

पहिला तक्रारीचा. विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा: एफडी सांगून पॉलिसी दिली, एकदाच पैसे भरायचे असं सांगितलं, पूर्ण हप्ता परत हवा. बँकेच्या शाखेचं नाव, तारीख आणि त्या माणसाचे व्हॉट्सॲप मेसेज जोडा. त्यात त्याने एका ठिकाणी स्वतःच "आपकी एफडी का पेपर" असं लिहिलंय, तो स्क्रीनशॉट जिवापाड जपा. हीच तक्रार विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा 155255 वर फोन करून नोंदवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या बीमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. पैसे परत मिळतीलच अशी खात्री मी देत नाही, कारण त्या फोनवर तुम्ही हो म्हणालात आणि ते रेकॉर्ड कंपनीकडे आहे. तरी लढण्यासारखं प्रकरण आहे.

दुसरा दरवाजा सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडून देण्याचा. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार अशा पॉलिसीत पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरलेला असेल, तर वर्ष संपल्यावर काही रक्कम परत मिळते. आधी एका हप्त्यावर सगळंच बुडायचं. किती मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी आकडा ऐकू नका. हप्त्याच्या तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे सगळं हलवा.

त्याआधी एक काम करा. पॉलिसी सुटली की विमाही सुटेल. तुमच्यामागे तीन माणसं आहेत. त्याच बँकेत, पण दुसऱ्या खिडकीवर, प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्या: वर्षाला 436 रुपये, 2 लाखांचं संरक्षण, वयाच्या पन्नाशीपर्यंत घेता येतो. सोबत 20 रुपयांचा सुरक्षा विमा, अपघातासाठी. दोन्हींचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. जीवन ज्योतीत पहिले 30 दिवस अपघाताशिवायचा मृत्यू धरत नाहीत, म्हणून आजच अर्ज करा. 2 लाख पुरेसे नाहीत. उत्पन्नाचा कागद जमला की साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा, घ्यायचाच. पण शून्यापेक्षा 2 लाख बरे.

आता पिल्लांकडे येतो. हजार पिल्लांची घाई तुम्हाला धंद्यामुळे झालेली नाही, त्या हप्त्यामुळे झाली आहे.

एक पक्षी अडीच महिन्यांत सव्वा ते दीड किलोचा करायचा तर पिल्लू 38, साडेतीन किलो खाद्य चाळीसच्या भावाने 140, लस-औषध-तूस-वीज 17. झाले 195. मेलेल्यांचा भार जिवंतांवर चढतो, तो धरून 210. शेडवर येणारा व्यापारी किलोला 190 देतो असं धरा, तर 1300 ग्रॅमच्या पक्ष्याचे साधारण 245 येतात. हातात 35 रुपये. "पाचशे पक्षी, चारशेचा भाव, दोन लाख" हा हिशेब व्हिडिओत असतो. चारशे रुपये गिऱ्हाईक दुकानात देतं, शेडवर कुणी देत नाही. तुमच्या 500 पैकी 450 जगून विकले असते तरी पंधरा-सोळा हजार सुटले असते. लाखाचा हप्ता काढायला तीन हजार पक्षी लागतील. आणि आज मागवलेलं पिल्लू जूनमध्ये विकायला होतच नाही.

अमेरिकेचं तुम्ही बरोबर पाहिलंत. तिथलं टपाल खातं 1918 पासून पिल्लं पोचवतं. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू पोटात बलक ओढून घेतं, त्यावर ते दोन-तीन दिवस चाऱ्या-पाण्याशिवाय तग धरतं. त्या बळावर हे चालतं. पण तिथेही मे 2025 मध्ये डेलावेअर राज्यात टपालाच्या एका ट्रकमध्ये सुमारे 12 हजार पिल्लं तीन दिवस अडकून पडली आणि त्यातली हजारो मेली. इतकी जुनी व्यवस्था असून तसं घडलं. आपल्याकडे बॅगांच्या खाली, बंद डिक्कीत, एप्रिलच्या परभणीत खोके आले.

पण आठ दिवसांत मेलेली 170 सगळी गाडीने मारली नाहीत, हे मला तुमच्याशी खरं बोललं पाहिजे. काही वाटेत सुकली होती, ती बलक संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेली. बाकीच्यांचं तुम्हीच लिहिलंय: "पहाटे कोपऱ्यात एकमेकांवर चढून गठ्ठा करून मेली." गठ्ठा होतो तो थंडीने. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 35 अंश लागतात. तुमच्या टिनाच्या शेडमध्ये दुपारी बेचाळीस आणि पहाटे पंचवीस. बल्ब होते दोन, शंभर वॅटचे. पिल्लामागे 2 वॅट धरतात, म्हणजे 500 ला असे दहा हवे होते, आणि रात्री लाईट गेली तर काहीतरी सोय हवी होती. उन्हाळ्यात बल्ब कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच शेडमध्ये हजार आणली तर दुप्पट गठ्ठे उचलाल.

त्या 137 चे 5,200 रुपये होतात. ते सोडू नका. खोके उघडतानाचा व्हिडिओ, ट्रॅव्हल्सची पावती आणि चॅट जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. पोटापाण्यासाठी स्वतः केलेला धंदा 2019 च्या ग्राहक कायद्यात बसतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा आयोगात फी लागत नाही. यात एक दिवस घाला, महिना घालू नका. तो लाख जास्त महत्त्वाचा आहे.

परत खरेदीच्या हमीबद्दल. 2019 मध्ये सांगलीकडच्या इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवा. पिल्लं द्यायची, पैसे आधी घ्यायचे, पक्षी आणि अंडी आम्हीच चढ्या भावाने उचलू म्हणायचं. शेतकऱ्यांकडे पक्षी राहिले आणि उचलणारा गेला. जो आज 5,200 रुपयांची जबाबदारी घेत नाही, तो ऑगस्टमध्ये तुमचे हजार पक्षी घेईल हे तुम्ही कशावरून मानता? आणि सोन्यावरचं दीड टक्का म्हणजे महिन्याला 1,200, पक्षी जगोत की मरोत. 2021 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या मेल्या होत्या. अशा वेळी सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही.

शेड मात्र वाया गेलेलं नाही. जी 193 जगली ती महिन्याची झाली, त्यांचा धोक्याचा काळ बराचसा सरला. लासोटाचा (मानमोडीच्या लसीचा) बूस्टर दिला नसेल तर या आठवड्यात द्या. खाद्याच्या प्रत्येक पोत्याची आणि प्रत्येक मेलेल्या पक्ष्याची तारीख वहीत लिहा. टिनावर पाचट टाका, दुपारी पाण्याची भांडी दुप्पट करा. व्यापाऱ्याला सगळी एकदम देऊ नका. आखाडात गावात गावरान कोंबडा शोधत फिरतात, तेव्हा पन्नास-साठ घरूनच जातील आणि त्यांचा भाव बरा लागेल.

पुढची खेप पाऊस पडून हवा उतरल्यावर. शंभरच आणा, आणि एक दिवसाची नको. मदर युनिटमधली, म्हणजे पिल्लं थोडी वाढवून मग विकणाऱ्यांकडची, चार आठवड्यांची, लस झालेली पिल्लं महाग पडतात, पण तुमच्याकडे अजून ब्रूडिंगची, म्हणजे लहान पिल्लांना ऊब द्यायची, सोय नाही. संभाजीनगरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. स्वतः जाऊन, रात्रीच्या प्रवासात, मांडीजवळ खोका ठेवून आणा. दोन खेपा वहीत नफ्याच्या दिसल्या, तर पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड मागा. 2 लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेवर फेडलं तर 4. पतसंस्थेच्या वर्षाच्या 18 शी ताडून बघा.

पॉलिसीच्या पहिल्या चार पानांचे फोटो मला परत पाठवा, गेल्या वेळी तिसरं पान अर्धंच आलं होतं. तक्रारीचा मसुदा मी दोन दिवसांत लिहून देतो. तोवर बँकेतून हप्त्यासाठी फोन आला तर फोनवर काही कबूल करू नका, जे म्हणायचं ते लेखी पाठवा म्हणा. खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी दिली असेल, तर ती उद्याच जाऊन बंद करा. खात्यात 20 हजारच आहेत, आणि पेरणी त्यातच करायची आहे.