फेरोइलेक्ट्रिकमध्ये लेकीचं करिअर होईल का?

देवगडच्या एका काकांनी विचारलंय, लेक टी.वाय. बीएस्सी फिजिक्सला आहे, तिला फेरोइलेक्ट्रिक थिन फिल्मवर रिसर्च करायचाय, हे नक्की काय असतं, पोटापाण्याचं काय, की सरळ बीएड करायला लावू?

काका, बीएड चांगलंच आहे पण तिच्यावर लादू नका. फेरोइलेक्ट्रिक म्हणजे असे पदार्थ, ज्यांत व्होल्टेज दिलं की आतले आयन (विद्युतभार असलेले अणू) एका बाजूला सरकतात, व्होल्टेज काढलं तरी तिथेच राहतात आणि उलटं व्होल्टेज दिलं की पलटतात, म्हणजे 0 आणि 1 लक्षात ठेवायची सोय झाली, म्हणून मेमरी चिपवाले याच्या मागे आहेत. 2011 मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या 10 नॅनोमीटरच्या आसपासच्या फिल्ममध्ये, म्हणजे अतिशय पातळ थरात, हे होतं असं कळलं, आणि ते मटेरियल चिपच्या कारखान्यात आधीपासूनच होतं, तेव्हापासून या विषयाला खूप जोर आलाय.

गोम इथे आहे. एवढ्या पातळ फिल्मला 1 व्होल्ट दिला तरी सेंटीमीटरला 10 लाख व्होल्ट झाले, मग ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमधून करंट गळतो, आणि आयनांच्या पलटीचा करंट नि गळतीचा करंट मीटरवर एकत्रच येतो, ग्राफवर फेरोइलेक्ट्रिकसारखा गुबगुबीत लूप (बंद वळसा) दिसतो आणि पोरं खूश होतात. 2008 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी चक्क केळीच्या सालीचा असा लूप छापून दाखवला, साल काही फेरोइलेक्ट्रिक नसते! म्हणून आधी व्होल्टेजचा एक उलटा पल्स (क्षणभराचा झटका) देऊन मग सुलट दिशेने लागोपाठ दोन देतात, पहिल्यात पलटी अधिक गळती, दुसऱ्यात पलटायला काही उरलेलंच नसतं, दोन्हींची वजाबाकी केली की खरं कळतं.

माझं स्पष्ट मत, लेकीने हे मोजमाप पक्कं शिकावं. उद्या विषय बदलला तरी चिप टेस्टिंग, सेन्सर, कुठेही हा हात उपयोगी पडतो. एमएस्सीसाठी जॅमचा (आयआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भराच, नाहीतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे, थिन फिल्मचं काम तिथे वर्षानुवर्षं चालतं आणि घाट चढला की पोचलात. पुढे नेट परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला 37,000 मिळतात, घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. पण पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि प्राध्यापकाच्या पर्मनंट जागा कमी आहेत, हे तिलाही आत्ताच सांगा.

आणि तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात बागेत माणसं कमी पडतात. समर प्रोजेक्ट नेमके तेव्हाच असतात काका, या वर्षी पेट्या भरायला दुसरं कोणी बघा.