पाणवठ्यावरचे कॅमेरे: अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे प्रश्न

फिनिक्सहून (ॲरिझोना): यंदा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना, म्हणजे टॅग, लागला आहे. सार्वजनिक जंगलातल्या पाणवठ्यावर ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधलेला, हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा) लावू का?

लावू नका. १ जानेवारी २०२२ पासून ॲरिझोनात शिकारीसाठी किंवा शिकारीचं जनावर हेरण्यासाठी ट्रेल कॅमेरा वापरता येत नाही. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातला फोटो पाहून जनावर शोधणंही यातच मोडतं. थेट फोनवर चित्र धाडणाऱ्या कॅमेऱ्यांवर तिथे २०१८ मध्येच बंदी आली होती. संशोधन किंवा गुरांवर नजर ठेवणं, अशा शिकारीशी संबंध नसलेल्या कामाला मात्र आडकाठी नाही.

बंदीमागचं मूळ कारण पाणी. कोरड्या मुलखात उन्हाळ्यात प्राणी पाण्याच्या मोजक्या टाक्यांवर येतात, त्यामुळे सगळ्यांचे कॅमेरेही त्याच टाक्यांभोवती जमतात. मग कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बदलायला आज एक येतो, उद्या दुसरा. माणसांची अशी वर्दळ लागली की जनावर पाण्यावर यायला बिचकतं, आणि मचाणावर धनुष्य घेऊन तासन्‌तास बसलेल्याची बैठक फुकट जाते. त्यातून भांडणं आणि कॅमेऱ्यांच्या चोऱ्याही होतात. आमच्या मते बंदी योग्यच आहे: तहानेनं येणाऱ्या जनावरावर चोवीस तास पाळत ठेवली, तर त्याला निसटायला वाव उरत नाही.

लास व्हेगासहून: नेवाडा आणि युटा, दोन्हीकडे शिकार करतो. नियम सारखेच आहेत का?

नाहीत. नेवाडात सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर कॅमेरा ठेवता येत नाही. चित्र पाठवणारा असेल तर बंदी १ जुलैपासूनच. युटात सार्वजनिक जमिनीवर मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी ३१ जुलै ते ३१ डिसेंबर मनाई आहे. नियम बदलत असतात, म्हणून दोन्ही राज्यांची त्या वर्षीची नियमपुस्तिका बघूनच निघा.

डेन्व्हरहून: झाडावर लपवलेला कॅमेरा दिसला. कार्ड काढून घेऊ का?

हातही लावू नका. कॅमेरा बेकायदा असला तरी मालमत्ता दुसऱ्याची आहे. कार्ड काढलंत तर चोरीचा आळ तुमच्यावर येईल. जागेचे अक्षांश-रेखांश आणि दुरून एक फोटो घ्या, वन्यजीव अधिकाऱ्याला कळवा. रात्रीच्या फोटोसाठी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश सोडणारा कॅमेरा फिकट लाल चमकतो, ९४०चा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिवसा शोधायचा तर वाटांच्या तिठ्यावर खोडाभोवतीचा पट्टा आणि ताज्या छाटलेल्या फांद्या पाहा. नजर वरही जाऊ द्या: चोरी टाळण्यासाठी अनेक जण तो तीन मीटरवर, खाली तोंड करून बांधतात.

मॅडिसनहून: माझा कॅमेरा नियमात बसतो, पण शेकडो फोटो रिकामे येतात.

सेन्सर हालचाल ओळखतो ती उष्णतेच्या फरकावरून. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी तो फोटो काढतो. कडक उन्हात जमीन आणि हरणाचं अंग सारखंच तापलं, तर हरीण समोरून गेलेलं त्याला कळतही नाही. म्हणून:

- तोंड उत्तरेकडे, उंची साधारण एक मीटर.
- वाटेला काटकोनात न लावता ४५ अंशांत. आडवं झपाट्यानं जाणारं जनावर चौकटीबाहेर निसटतं.
- खोड जाड हवं. बारीक झाड डोललं की कॅमेराही हलतो आणि फोटो निघतो.
- समोरच्या फांद्या छाटू नका. बऱ्याच सार्वजनिक जंगलांत त्याला मनाई असते. त्यापेक्षा मोकळी जागा शोधा.

थंडीत लिथियम एए सेलच घाला. अल्कलाइन सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) गारठ्यात उतरतो, तेव्हा दिवसाचे फोटो ठीक येतात आणि रात्रीचे काळे. कार्डही संगणकात न करता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.