देवाला पत्ता सांगावा लागतो

मागच्या अंकात मी फुजियान प्रांतातल्या माझ्या सात वर्षांबद्दल लिहिलं होतं. जिन्ज्यांग हे बुटांचं गाव. तिथल्या कारखान्यांत माल तपासायला मी होते. शिवण सरळ आहे का, सोल नीट चिकटलाय का, एका खोक्यात दोन्ही डावेच बूट तर गेले नाहीत ना, असलं काम. राहायला जवळच्या च्वानचौ शहरात होते, एका जुन्या गल्लीत. घरमालकांची आई खालीच राहायची. सगळे तिला ‘आमा’ म्हणत, म्हणजे आजी. मीही तेच म्हणायचे. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं श्रेय तिला आहे. चुका माझ्या.

आमच्या भागातल्या चायनीज हॉटेलच्या दारावर लाल कागदावरचं एक अक्षर चक्क उलटं चिकटवलंय. मालकाला सांगावं का? आणि मुलगा ऑफिसच्या कामासाठी चीनला चाललाय, तिथल्या साहेबांना काय भेट द्यावी?
– एक वाचक, डोंबिवली

मालकाला सांगू नका, त्याने ते मुद्दाम उलटं लावलंय. ते अक्षर ‘फू’, म्हणजे सुख, भाग्य, बरकत. ‘उलटं’ याला चिनीत ‘दाव’ म्हणतात आणि ‘आलं’ यालाही ‘दाव’च. घरात शिरलेलं पोर ओरडतं, “फू उलटं झालं!” आणि कानाला ऐकू येतं, “फू आलं!” हा सगळा खटाटोप त्यासाठी. आमा मात्र मोठ्या दारावर फू सरळच लावायची. उलटं फक्त तांदळाच्या पिंपावर. “दारातच उलटं केलं तर सगळं सांडून जाईल ना,” असं तिचं म्हणणं.

चिनी चिन्हं नुसती डोळ्यांनी बघून कळत नाहीत. ती कानाने वाचायची असतात. जुन्या वाड्यांच्या दारांवर वटवाघळं कोरलेली दिसतात. आपण दचकतो. पण वटवाघळालाही ‘फू’च म्हणतात, म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. मासा ‘यू’, आणि उरणं, शिल्लक राहणं हेही ‘यू’. त्यामुळे वर्षाअखेरच्या रात्री ताटातला मासा पूर्ण संपवत नाहीत, थोडा मागे ठेवतात. चार म्हणजे ‘स्स’, आणि ‘मरण’ म्हटलं तरी जवळपास तेच ऐकू येतं. पुष्कळ इमारतींच्या लिफ्टमध्ये चारचं बटणच नसतं.

आता भेटीचं. घड्याळ नको! हे मी स्वतः करून बसले आहे. पहिल्याच वर्षी मोठ्या हौसेने घरमालकांना वारली चित्राचं भिंतीवरचं घड्याळ दिलं. मालकीणबाईंनी कागद सोडला, चेहरा एका क्षणासाठी विझला, मग त्या आत गेल्या आणि एक युआनचं नाणं आणून माझ्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं, आहेर परत करतायत की काय. ‘घड्याळ देणं’ म्हणजे ‘सोंग चोंग’, आणि मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणं हेही ‘सोंग चोंग’. नाणं दिल्यावर ते घड्याळ भेट राहिलं नाही, त्यांनी ते विकत घेतलं. बला टळली. मी गावाला परत निघाले तेव्हाही ते भिंतीवर होतं आणि वेळ बरोबर दाखवत होतं.

छत्री नको, तिच्या नावात पांगणं ऐकू येतं. बूटही नकोत, कारण ‘श्ये’ म्हणजे बूट आणि ‘श्ये’ म्हणजे अभद्रही. बुटांच्या गावात सात वर्षं काढून मी कुणाला एक जोड भेट देऊ शकले नाही. मुलाबरोबर चांगला चहा किंवा काजू द्या, आणि द्यायचं ते दोन्ही हातांनी द्यायला सांगा.

आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. चिनी देवळांत असं काही आहे का?
– एक वाचक, कुडाळ

आहे, आणि ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझं आजोळच आठवलं. माझं आजोळ मालवणकडचं.

च्वानचौच्या थूमन रस्त्यावर क्वान कुंगचं देऊळ आहे. क्वान कुंग म्हणजे क्वान यू, तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावरचा सेनापती, 220 च्या सुमारास मारला गेला. दिलेला शब्द पाळणारा म्हणून पुढे लोकांनी त्याचा देव केला. लाल चेहरा, लांब दाढी. व्यापारीही त्याचे भक्त आणि पोलीसही. सकाळी आठलाच आत इतका धूर असतो की डोळे चुरचुरतात. त्या धुरात सतत एक आवाज येत राहतो, लाकूड फरशीवर पडल्याचा. टक्-टक्. मग कुजबुज. परत टक्-टक्.

हाच त्यांचा कौल. लाकडाचे किंवा बांबूच्या मुळाचे दोन तुकडे, लाल रंगवलेले, आकार थेट काजूगरासारखा. एक बाजू सपाट, एक फुगीर. माणूस गुडघ्यावर बसतो, तुकडे ओंजळीत धरतो आणि देवाला आधी आपलं नाव सांगतो, जन्मतारीख सांगतो, मग पत्ता. हो, पत्ता! अमुक गल्ली, अमुक नंबर, तिसरा मजला. आमा म्हणायची, “इतकी माणसं येतात, त्याला कसं कळणार कोण कुठलं?” आपला गुरव गाऱ्हाणं घालताना बारा-पाचाच्या मानकऱ्यांपासून मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत सगळ्यांची उजळणी करतो, ते काही वेगळं नाही. फक्त तिथे मध्ये गुरव नसतो. ज्याचं त्याने बोलायचं, आणि मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायलाही कुणी नसतं.

मग प्रश्न विचारायचा आणि तुकडे सोडून द्यायचे. एक सपाट वर आणि एक फुगीर वर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर, म्हणजे नकार. दोन्ही सपाट वर पडले तर देव हसला. हे हसणं मला फार आवडायचं. देव हसतो तेव्हा त्याचा अर्थ, प्रश्न धड विचार, किंवा उत्तर तुला ठाऊक आहे, मला कशाला विचारतोस. आपल्याकडे मूर्तीला चिकटवलेली फुलाची पाकळी उजवी पडते किंवा डावी पडते, फार तर पडतच नाही आणि ताटकळत बसावं लागतं. पण आपला देव असा तोंडावर हसल्याचं मला आठवत नाही.

मोठ्या कामासाठी सलग तीन होकार लागतात. आमच्या कारखान्याच्या मालकांनी नवीन शेड घेताना असाच कौल लावला होता. दोन होकार आले, तिसऱ्याला देव हसला. त्यांनी भाड्याचा आकडा बदलून पुन्हा विचारलं. आमच्यातला एक तरुण इंजिनियर मला बाजूला घेऊन म्हणाला, “तीन सलग येण्याची शक्यता आठात एक आहे, इतकंच.” दोन महिन्यांनी त्याच्या लग्नाची तारीख ठरायची होती, तेव्हा तोच गुडघे टेकून बसलेला दिसला. मी काही बोलले नाही.

बांबूच्या नळीत क्रमांक घातलेल्या काड्याही असतात. नळी हलवत राहायची, एक काडी बाहेर पडते, त्या क्रमांकाच्या चिठ्ठीवर चार ओळींची कविता. पण ती काडी आपलीच का, हेसुद्धा आधी कौल लावून विचारून घ्यायचं. देवाच्या उत्तरावरही सही-शिक्का लागतो.

बुद्धाच्या छातीवर उलटं स्वस्तिक का असतं?
– एक वाचक, पुणे

उलटं आपल्याला वाटतं. जुन्या भारतीय शिल्पांत ते दोन्ही दिशांना वळलेलं सापडतं. बौद्ध धर्माबरोबर ते चीनला गेलं. 693 मध्ये सम्राज्ञी वू त्सथ्यानने त्याचा उच्चार ‘वान’ असा ठरवून दिला. ‘वान’ म्हणजे दहा हजार, अर्थात मोजता येणार नाही इतकं. पुन्हा कानाचाच मामला. जुन्या घरांच्या जाळीदार खिडक्यांवर ही स्वस्तिकं एकात एक अडकवून अशी कोरतात की नक्षीला टोकच सापडत नाही. न संपणारं सुख, असा त्याचा अर्थ.

चीन तर नास्तिकांचा देश. मग ही देवळं, हे नवस पर्यटकांसाठीच ना? आणि तिथे कृष्णाचं देऊळ सापडलं असं फॉरवर्ड आलं होतं, ते खरं का?
– एक वाचक, नाशिक

सरकारी कागदांवर तिथे पाच धर्म आहेत: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. आमा यातल्या कशातच नीट बसत नव्हती. तिला धर्म विचारला तर म्हणायची, “काही नाही.” आणि असं म्हणून पहाटे उदबत्त्या लावायला जायची. एक दारात आकाशाच्या देवाला, एक चुलीच्या देवाला, एक पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे. ‘मानता का?’ हा प्रश्न तिला कळायचाच नाही. ‘करता का?’ विचारलं की यादी सुरू. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत, 1966 ते 76, हे सगळं बंद होतं. देवळं फोडली, मूर्ती जाळल्या. आमाच्या सासूने घरातली वीतभर क्वानयिन मीठ घातलेल्या मुळ्याच्या बरणीत तळाशी ठेवली होती. क्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, तिकडे जाऊन बाई झालेला. त्या मूर्तीला अजून खारट वास येतो असं आमा म्हणायची. मला काही आला नाही.

कृष्णाचं फॉरवर्ड अर्धं खरं आहे. च्वानचौमध्ये 686 साली स्थापन झालेला खायुआन मठ आहे, बौद्ध. त्याच्या मोठ्या सभागृहाच्या मागच्या बाजूला जा. तिथल्या दोन खांबांवर हिंदू शिल्पं आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस होता, छत्री मिटून वळचणीला उभी राहिले आणि समोर नरसिंह! मांडीवर हिरण्यकशिपू. जरा वर कपडे पळवून झाडावर बसलेला कृष्ण. शेजारी एक बाई हाताने खांब पुसून तोच हात नातवाच्या डोक्यावरून फिरवत होत्या. तो नरसिंह आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. अडलंही नाही त्यांचं काही.

हे खांब तिथले नाहीत. तेराव्या शतकात हे फार मोठं बंदर होतं आणि तमिळ व्यापारी इथे वस्ती करून होते. त्यांच्या शिवमंदिराचा 1281 सालचा तमिळ शिलालेख सापडला आहे. पुढे त्यांची देवळं पडली आणि दगड मठाच्या दुरुस्तीला वापरले गेले. म्हणजे कृष्णाचं देऊळ नव्हे, देवळाचे दगड. असंच जिन्ज्यांगजवळ छाव-आन नावाचं छोटं देऊळ आहे. तिथली 1339 ची मूर्ती इराणकडच्या मानी या धर्मसंस्थापकाची. गावकरी तिला बुद्ध म्हणून उदबत्ती लावतात. आणि मघाच्या क्वान कुंगच्या शेजारी हाकेच्या अंतरावर 1009 सालची मशीद. युनेस्कोने 2021 मध्ये शहराला जागतिक वारसा म्हटलं ते याचसाठी.

चिनी लोक श्राद्ध घालतात का? आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं तिथे कुणी काही करतं का?
– एक वाचक, सोलापूर

घालतात. एप्रिलच्या 4 किंवा 5 तारखेला छिंगमिंग असतं. त्या दिवशी थडगी झाडायची, गवत काढायचं, वर रंगीत कागदाच्या पट्ट्या खड्यांनी दाबून ठेवायच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की या माणसाला मागे कुणी आहे. घरी भाज्यांचं सारण भरलेल्या पातळ पोळ्यांच्या गुंडाळ्या. आठवडाभर आधीपासून आमा चंदेरी कागदाच्या होड्यांसारख्या घड्या घालत बसायची. जुन्या काळी चांदीच्या लगडी तशा आकाराच्या असत. सोनेरी कागद देवांना, चंदेरी पितरांना, यात चूक चालत नाही. हे सगळं जाळायचं, म्हणजे तिकडे पोचतं. दुकानात कागदी बंगले मिळतात, कागदी मोटारी, कागदी मोबाईल, आणि मोबाईलबरोबर कागदी चार्जर.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. पाट्यांपुढे पान मांडायचं: भात, मासा, कोंबडी, आमाच्या नवऱ्याच्या आवडीची शिंपल्यांची ऑम्लेट. उदबत्ती लावायची आणि थांबायचं. ती अर्धीअधिक जळाली की आमा दोन नाणी घ्यायची आणि जमिनीवर टाकायची. एक छापा, एक काटा पडला तर मंडळी जेवून उठली. नाही तर अजून जेवतायत. एका वर्षी पाच वेळा नाणी टाकली तरी होकार येईना. जेवण गार झालं, पोरं चुळबुळायला लागली. शेवटी आमा पाटीकडे बघून म्हणाली, “सोया सॉस राहिला वाटतं,” आणि मुलाला आत पिटाळलं. वाटी आली. नाणी टाकली. छापा-काटा.

दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा आपल्याकडे सगळे डोक्याला हात लावून काय राहिलं, काय राहिलं करतात. कुणीतरी पुढे होऊन ‘धाकटीचं लग्न आम्ही करू’ म्हणतं आणि मग कावळा येतो. मी आमाला हे सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “आणि कावळ्याला दुसरीकडे जेवण असेल तर?”

युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांचं स्मारक उत्तरेत शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे आणि छिंगमिंगला तिथे लोक फुलं वाहतात. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणतात. मी दक्षिणेत होते, जाणं झालं नाही. ते राहूनच गेलं.

मुंबईत यातलं काही बघायला मिळेल का?
– एक वाचक, भांडुप

माझगावला जा. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. 1919 मध्ये कॅन्टनकडून आलेल्या चिनी लोकांनी बांधलेलं सी यिप कून नावाचं देऊळ तिथे आहे. वरच्या मजल्यावर आपला क्वान कुंगच, लाल चेहऱ्याचा. उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडून आत जा. आणि काही मागायचं असेल तर पत्ता सांगायला विसरू नका, पिनकोडसकट.