वाचकांचे प्रश्न : रजिस्टर घरी येतं, विषय कळत नाहीत

प्रश्न : मी राखीव प्रभागातून निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य आहे. मासिक सभा झाल्यावर शिपाई रजिस्टर घरी आणतो, मी सही करते. कधी गेलेच, तर सगळं आधीच ठरलेलं असतं. काय करावं?

उत्तर : ताई, घरी सही करणं आजच थांबवा. त्या सहीमुळे कागदावर तुम्ही सभेला हजर ठरता. उद्या एखाद्या बिलावर हरकत घेतलीत, तर तीच सही तुमच्यापुढे ठेवतील. प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायच्या वहीच्या, कोऱ्या पानावर तर सही नकोच, ठराव मागाहून लिहिले जातात. पण सही थांबवून घरी बसूही नका. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 40 प्रमाणे सदस्यत्व जातं.

सभेची नोटीस विषयांसह, तीन पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. पोच देताना सहीखाली तारीख घाला. उशिरा आलेली नोटीस त्यातूनच सिद्ध होते. ती हातात आली की शेवटची ओळ बघा : ‘ऐनवेळी येणारे विषय’. खर्चाचे ठराव बहुतेकदा तिथूनच सरकवतात. असा विषय निघाला तर रक्कम किती आणि कोणत्या निधीतून, एवढं विचारा. केंद्राकडून आलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित असते, ती रस्त्याला वापरता येत नाही. जमाखर्चाला मंजुरी देण्याआधी नमुना 5, म्हणजे रोकडवही, समोर मागा. ठराव पटला नाही तर ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणा आणि तो लिहिलेला वाचूनच उठा. वस्तीचा प्रश्न तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर त्याच पोचेसह गटविकास अधिकाऱ्यांकडे जा.

2011पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत, पण आरक्षण फिरतं. कारभार कळू लागेपर्यंत मुदत सरत येते आणि पुढच्या वेळी प्रभाग खुला झाला की तिकडे घरातला पुरुष उभा राहतो. म्हणून पहिलं वर्ष वाया घालवणं फार महागात पडतं.

प्रश्न : सभा दुपारी असते, माझी मजुरी बुडते. वेळ बदलता येईल?

उत्तर : सभेची वेळ सरपंच ठरवतात. तुमच्यासारख्या दोन-तीन सदस्यांनी मिळून सकाळी लवकरची किंवा संध्याकाळची वेळ लेखी मागा. एकट्याचा अर्ज सहज बाजूला पडतो.