गोवा ते मुंबई विमानाने अंतर किती, वेळ किती? आणि मडगावहून निघायचं तर दाबोळी विमानतळ बरा की मोपा?

दाबोळी ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४२५ किमी आहे, मोपा ते मुंबई सुमारे ३८५. मोपा उत्तरेला पेडण्यात असल्यामुळे चाळीसेक किमी वाचतात, पण हवेत त्याची बचत फक्त तीन-चार मिनिटांची. जेट विमान प्रत्यक्षात ४५ ते ५५ मिनिटं हवेत असतं. तिकिटावर सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ दिसतो.

ताशी ८०० किमी वेग धरला तर अर्धा तासच निघतो, पण एवढ्या जवळच्या मार्गावर तो वेग फार थोडा वेळ मिळतो. उतरताना दर हजार फुटांना साधारण ३ नॉटिकल मैल धरतात. म्हणजे ३० हजार फुटांवरून खाली यायला ९० नॉटिकल मैल, जवळजवळ १६५ किमी. चढण्यातही दीड-पावणेदोनशे किमी जातात. मग पूर्ण वेगाने सरळ उडायला उरतं शंभरेक किमी. शिवाय १० हजार फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमीची मर्यादा असते. पाणी वाटून होतं न होतं तोच पट्टे बांधायची सूचना येते, ती यामुळेच. एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान असेल तर आणखी १५-२० मिनिटं धरा.

तिकिटावरचा वेळ मोजतात तो विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंत. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. रांग लागली की वरच घिरट्या घालायला लावतात. एक फेरी साधारण ४ मिनिटांची, तीन फेऱ्या झाल्या की १२ मिनिटं गेली. जून ते सप्टेंबर पाऊस आणि कमी दृश्यमानता यांमुळे हे वारंवार होतं. त्या दिवसांत मुंबईहून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवाच.

आता मडगावचं. दाबोळी वेर्णामार्गे २५ किमीच्या आसपास, मोपा जवळजवळ ७०. त्यातच मोपाच्या वाटेवर पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असेपर्यंत तिथली कोंडी कधी किती अडकवेल याचा नेम नाही. हवेतली तीन मिनिटं वाचवायला रस्त्यावर तासभर घालवू नये, असं मी ठामपणे सांगेन. दाबोळीच घ्या. अडचण एकच: तिथली धावपट्टी नौदलाची, आयएनएस हंसा या तळाची आहे. सरावासाठी राखलेल्या वेळेत नागरी विमानं नसतात. हवी ती वेळ तिथे मिळाली नाही तरच मोपा बघा. म्हापसा, पेडणे, सावंतवाडीकडच्यांनी मात्र उलट करावं.

तिकीट काढताना नुसतं ‘गोवा’ लिहिलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसतात आणि स्वस्त बघून लोक चुकीचं घेतात. विमानतळाचा कोड बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मुंबईकडेही मुंबई की नवी मुंबई ते वाचा. पनवेल-वाशीला नवी मुंबई जवळ, अंधेरी-बोरिवलीला अजिबात नाही.

सामान द्यायचं असेल तर काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, गेट २५ मिनिटं आधी. मडगावहून सुटायच्या वेळेच्या पावणेतीन तास आधी निघा. मुंबईत सामान मिळायला अर्धा तास धरला तर घरातून निघाल्यापासून विमानतळाबाहेर पडेपर्यंत साडेचार तास होतात.